तंतुकणिका का दिसल्या नाहीत? ‘कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: लेख वाचून तुम्ही मुलीसाठी २००० पट वर्धनाचा सूक्ष्मदर्शक घेतला आणि कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून पाहिला. विटांसारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका, एवढंच दिसलं. पेशीतली अंगकं, म्हणजे ठरावीक काम करणारे तिचे छोटे भाग, मात्र नाहीत: तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नाहीत, गॉल्जी पिंड नाही, आंतर्द्रव्यजालिका (पटलांचं जाळं) नाही, आणि २००० पटीवर तर नुसतं धुकं. तुमचा प्रश्न आहे, पुस्तकातली आकृती काल्पनिक की लेख दिशाभूल करणारा?

लेखाबद्दलचा आक्षेप मान्य आहे. कांद्याची कृती दिली आणि तिच्याशेजारी सगळ्या अंगकांची नावं असलेली आकृती लावली. यातलं या उपकरणातून काय दिसेल आणि काय नाही, हे लिहिलं नाही. वाचणारा ती सगळी शोधणारच. आकृतीखाली आता तशी ओळ घातली आहे. पण आकृती काल्पनिक नाही, आणि तुमच्याच सूक्ष्मदर्शकातून तुम्ही पाहिलंत त्याहून बरंच जास्त दिसू शकतं.

आधी २००० या आकड्याबद्दल. २० पटीचं नेत्रभिंग (डोळ्याजवळचं) गुणिले १०० पटीचं वस्तुभिंग (नमुन्याजवळचं), असा तो येतो. हे वर्धन झालं. दोन जवळचे ठिपके वेगळे दिसतील की एकच डाग दिसेल, हे ठरतं विभेदनक्षमतेवरून. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ साली दाखवून दिलं की ही मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाचं न्यूमरिकल अपर्चर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप) यांवर अवलंबून असते: तरंगलांबी भागिले अपर्चरची दुप्पट. वस्तुभिंगावर ‘४०/०.६५’ असं कोरलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा म्हणजे हे अपर्चर. हिरव्या प्रकाशात (तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ४० पटीचं भिंग साधारण ०.४२ मायक्रॉनपर्यंत पोचतं आणि १.२५ अपर्चरचं १०० पटीचं भिंग ०.२२ मायक्रॉनपर्यंत. अपर्चरच्या हजारपटीपलीकडचं वर्धन पोकळ असतं. म्हणजे तुमच्या उपकरणाची खरी मजल १२५० च्या आसपास संपते. त्यापुढे तोच डाग फक्त मोठा होतो.

पण तुम्हाला दिसलं ते धुकं एवढ्यामुळे नसावं. १०० पटीचं भिंग तेलात बुडवून वापरायचं असतं, आणि तेलाचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. काचेतून हवेत येताना तिरपे किरण वळतात, काही तर काचेतच परततात, आणि तेलासाठी घडवलेल्या भिंगातून उरलेले किरण एका बिंदूत येत नाहीत. कव्हरस्लिपवर (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) इमर्शन तेलाचा एक थेंब ठेवा (त्याचा अपवर्तनांक, म्हणजे किरण किती वळतात याचं माप, १.५१५) आणि भिंग बाजूने पाहत हळूच त्याला टेकवा. काचेपासूनचं अंतर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकंच असतं, म्हणून पापुद्र्याला घडी पडलेली असेल तर भिंग काचेवर आपटतं. खोबरेल वापरू नका: त्याचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास आहे आणि थंडीत ते भिंगावर थिजतं. काम झालं की लगेच लेन्स पेपरने तेल टिपून घ्या. रुमालाने पुसू नका.

खरं सांगायचं तर कांद्यासाठी ४० पटीचं भिंगच पुरेसं आहे. तिथे चुकतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे कव्हरस्लिप. भिंगाचा हिशोब ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेचा असतो. वर दुसरी काचपट्टीच ठेवली, तर तिच्या मिलिमीटरभर जाडीमुळे ४० पटीचं भिंग फोकसलाच येत नाही. दुसरं, कंडेन्सरखालची (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालची) आयरिस झडप. नेत्रभिंग काढून नळीत डोकावा आणि प्रकाशाचं वर्तुळ पाऊण भरलेलं दिसेल इतकीच झडप उघडी ठेवा. पूर्ण उघडी असेल तर रंग न दिलेली पेशी उजेडात विरून जाते. फार मिटली तर प्रत्येक कडेभोवती काळ्या रेघा उमटतात आणि बारकावे जातात.

तिसरं म्हणजे आयोडीन. त्याने केंद्रक (तुम्हाला दिसलेला तो पिवळसर ठिपका) ठळक होतं हे खरं, पण पेशी मरते. मेलेल्या पेशीत हालचाल थांबते, आणि कांद्यात पाहण्यासारखं जे आहे ते नेमकं हालचालीतच आहे.

म्हणून पुन्हा करा, रंगाशिवाय. फ्रिजमधला गार कांदा नको. मांसल पाकळीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूवर ब्लेडने ५ मिलिमीटरचा चौकोन कापा, चिमट्याने एका कोपऱ्यातून पापुद्रा उचला आणि लगेच पाण्याच्या थेंबात पसरा. हवेत अर्धा मिनिट राहिला तरी तो सुरकुततो आणि खाली बुडबुडे अडकतात. (काळ्या जाड कडेचं स्वच्छ गोल वर्तुळ दिसलं तर तो बुडबुडा, पेशी नव्हे.) कव्हरस्लिप एका कडेने टेकवून तिरपी सोडा आणि १०-१५ मिनिटं थांबा. सोलताना बसलेल्या धक्क्याने आतला प्रवाह थबकतो, तो सावरायला एवढा वेळ लागतो.

आता ४० पटीवर पेशीभित्तिकेच्या अगदी लगत फोकस करा. पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने (द्रवाने भरलेल्या पिशवीने) व्यापलेला असतो. पेशीद्रव्याचा पातळ थर कडेला असतो आणि केंद्रकापासून निघालेले त्याचे धागे रिक्तिकेला छेदून जातात. या धाग्यांवरून चमकदार कण सेकंदाला काही मायक्रॉन वेगाने सरकताना दिसतील. ते बहुतेक तेलाचे थेंब. त्यांच्यामधून जाणारे फिकट, बारीक, कधी दोऱ्यासारखे लांबट तुकडे म्हणजे तंतुकणिका. कण जागच्या जागी थरथरत असतील तर ती ब्राउनीय गती आहे, म्हणजे भोवतालच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी हालचाल. एका दिशेने वाहत असतील तर पेशी जिवंत आहे. फोकसचं बारीक चाक सतत थोडं मागेपुढे फिरवत राहा. केंद्रकात केंद्रकीचे (त्याच्या आतल्या दाट गोळ्यांचे) एक-दोन ठिपकेही याच वेळी दिसतील.

तंतुकणिका अर्धा ते एक मायक्रॉन जाड असतात, म्हणजे मर्यादेच्या आत बसतात. अडचण आकाराची नाही, उठावाची आहे: भोवतालच्या द्रव्याहून त्या फारशा वेगळ्या दिसत नाहीत. त्यांना ओळखायचं खात्रीचं साधन म्हणजे जेनस ग्रीन बी हे रंजक. १०० मिलिलीटर पाण्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१ टक्का. पापुद्रा त्यात थेट ठेवा आणि ५ मिनिटांनंतर पाहायला लागा. तंतुकणिकांमधला सायटोक्रोम ऑक्सिडेज हा विकर (एन्झाइम) रंजकाला ऑक्सिडीकृत, निळसर-हिरव्या रूपात टिकवतो. बाकी पेशीद्रव्यात ते क्षपण होऊन रंगहीन होतं. कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन संपला की तंतुकणिकांचा रंगही उडतो, म्हणून रेंगाळू नका. सगळं पेशीद्रव्यच निळं झालं तर द्रावण तीव्र होतं आणि पेशी मेली, असं समजून नवा पापुद्रा घ्या. हातमोजे घाला.

गॉल्जी पिंडाबद्दल तुम्हाला आलेली शंका शास्त्रज्ञांनीही अर्धशतक बाळगली होती. कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींत ती जाळी पाहिली. अनेकांना ती रंगवण्याच्या प्रक्रियेतून उमटलेली आभासी रचना वाटे. वाद मिटला तो १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलांच्या चळती दिसल्यावर. कांद्यात तर केंद्रकाशेजारी एकच मोठा पिंड नसतोच. मायक्रॉनभर आकाराच्या असंख्य चळती पेशीभर विखुरलेल्या असतात, आणि साध्या प्रकाशात त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. आंतर्द्रव्यजालिकेचं पटल ०.०१ मायक्रॉनहूनही पातळ, रायबोसोम (प्रथिनं बनवणारा कण) ०.०२५ ते ०.०३ मायक्रॉनचा. ०.२२ च्या जाळ्यात हे मासे सापडत नाहीत.

पुस्तकातली आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अनेक छायाचित्रांवरून जुळवलेली असते. त्यासाठी पेशी ग्लुटरअल्डिहाइड आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइडने स्थिर करतात, रेझिनमध्ये बसवतात आणि सुमारे ७० नॅनोमीटर जाडीचे काप घेतात. ५० मायक्रॉन जाडीच्या एका पेशीचे असे सातशेच्या वर काप होतात. चित्र करड्या छटांचं असतं, रंग चित्रकार भरतो. प्रमाणही पाळलेलं नसतं: २० मायक्रॉनची पेशी १० सेंटीमीटरची काढली, तर रायबोसोम मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा ठिपका व्हायला हवा. आकृतीत तो मोहरीएवढा असतो, कारण नाहीतर दिसणारच नाही. हे मुलीला आकृतीवर बोट ठेवून दाखवाच.

उपकरणच सदोष असेल का, ही तुमची शंकाही तपासता येते. मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची एक फांदी आणा. शेंड्याजवळचं कोवळं पान अख्खं पाण्याच्या थेंबात ठेवा. ते दोनच पेशी जाड असतं, काप घ्यावा लागत नाही. पाच मायक्रॉनच्या आसपासची हरितलवकं (पानातले हिरवे कण) ४० पटीवर एकेक सुटी, स्वच्छ कडेची दिसली पाहिजेत, आणि उजेडात पाचेक मिनिटांनी मधल्या शिरेजवळ ती भित्तिकेलगत रांगेने फिरू लागतात. झडप नीट लावूनही कडा फुटकी दिसली, तर भिंगावर वाळलेलं काही आहे का पाहा. तेही नसेल तर दुकानदाराकडून ४० पटीचं वस्तुभिंग बदलून मागा.