लाल रंग त्याच वर्षी तयार होतो
थंड प्रदेशांत शरद ऋतूत झाडांची पानं गळण्याआधी पिवळी-लाल होतात. थंडी पडली की ती रंगतात, असं त्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. पण पहिला इशारा थंडीचा नसून लहान होत जाणाऱ्या दिवसाचा असतो. हरितद्रव्य विरत जातं आणि पानात आधीपासूनच असलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. म्हणूनच पिवळा रंग दरवर्षी साधारण सारखाच दिसतो. लाल रंगाचं मात्र तसं नाही! तो देणारं अँथोसायनिन हे रंगद्रव्य बहुतेक झाडं त्याच सुमाराला, पानात अडकलेल्या साखरेपासून नव्यानं बनवतात. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन हवं, रात्री गार हव्यात, पण गोठवणाऱ्या नकोत. कडक हिम लवकर पडलं तर पानं थेट तपकिरी होऊन गळतात. ढगाळ, उबदार दिवस लांबले की एरवी लालभडक होणारा मेपल वृक्षसुद्धा फिका पडतो. फार वाईट वाटतं तेव्हा.