'मधुमेह व्हिडिओवर सांभाळता येत नाही': फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा आशय असा: मधुमेहात स्पेशालिस्टचा व्हिडिओ सल्ला म्हणजे फसवणूक. डॉक्टर हात लावत नाहीत, इन्सुलिन असं सुरू करणं जीवघेणं, असं औषध लिहिणं बेकायदा, आणि खेड्यात हे जमणारच नाही. यातला पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

'डॉक्टर हात लावत नाहीत.' तळपायाची संवेदना 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (टोचून बघायचा नायलॉनचा धागा) किंवा 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने तपासतात, डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून किंवा फंडस कॅमेऱ्याने बघतात. ही दोन्ही कामं, शिवाय मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन या तपासण्या, वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष जाऊनच करायची. व्हिडिओ त्यांना पर्याय नाही. पण मधल्या भेटींत मुख्य काम असतं आकडे बघून डोस कमी-जास्त करण्याचं, आणि त्यासाठी आकडे खरे लागतात. गोची इथेच होते. आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं की साखर भलतीच वाढलेली दिसते. स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर दमट हवेत स्ट्रिपा खराब होतात. म्हणून सल्ल्याआधी तीन दिवस उपाशीपोटी, तिन्ही खाण्यांनंतर दोन तासांनी आणि झोपताना साखर मोजा, वेळेसकट लिहा, आणि सल्ल्याच्या वेळी मीटरची मेमरीही कॅमेऱ्यापुढे धरा. वहीतले आकडे पुष्कळदा डॉक्टरांना खूश करायला लिहिलेले असतात! एचबीए1सीवरही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) डोळे मिटून विसंबू नये: लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली येऊ शकते, सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारात तर भरवशाचीच नसते. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिकडच्या रुग्णांना हे आधी विचारायला हवं.

'इन्सुलिन जीवघेणं.' टाइप 2 मधल्या स्थिर रुग्णाला साधारणपणे रात्रीच्या 10 युनिट दीर्घ परिणामी इन्सुलिनवर सुरुवात करतात. मग उपाशीपोटीची साखर ठरलेल्या पातळीला येईपर्यंत दर तीन दिवसांनी 2 युनिट वाढवतात, साखर 70 मिग्रॅ/डीएलच्या खाली गेली तर डोस कमी करतात. अशा छोट्या-छोट्या बदलांसाठी महिन्याने मिळणारी ओपीडीची तारीख काय कामाची?

व्हिडिओचा खरा फायदा वेगळाच आहे. रुग्ण घरी, स्वतःच्या सिरिंजने इन्सुलिन कसं भरतो ते दिसतं. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या 40 युनिट प्रति मिली असतात, पेनची काडतुसं 100 ची. 40 च्या बाटलीतलं इन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात जातात फक्त 8 युनिट. उलट 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर 50 युनिट जातात, आणि तो डोस खरंच जीव घेऊ शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी-शेजारी धरायला सांगितलं की घोळ तिथेच सापडतो. फ्रीजही उघडून दाखवायला सांगावं. बर्फाच्या कप्प्यात गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. मात्र उलट्या, धाप आणि चढलेली साखर एकत्र असेल, पायाच्या जखमेसोबत ताप असेल, छातीत दुखत असेल, तर कॉल न लावता थेट रुग्णालय गाठायचं.

'बेकायदा आहे.' नाही. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरांना हे करू दिलं आहे. चालू मेटफॉर्मिनला फॉलोअपमध्ये सिटाग्लिप्टिन हे मधुमेहाचं दुसरं औषध जोडण्याचं उदाहरणच त्यात आहे. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं बघून घ्या.

'खेड्यात जमणार नाही.' तामिळनाडूतल्या चुनमपेटला मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने 42 गावांत उपग्रह जोडणीची व्हॅन फिरवली, डोळ्याच्या पडद्याचे फोटो गावातून चेन्नईला पाठवले. मधुमेहींची सरासरी एचबीए1सी वर्षभरात 9.3 वरून 8.5 टक्क्यांवर आली, आणि चेन्नईच्या रुग्णालयात पाठवावे लागले ते 5 टक्क्यांहून कमी. श्रेय एकट्या कॅमेऱ्याचं नाही. तिथे गावात दवाखाना होता, माणसं होती. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेतही रुग्णाला ॲप हाताळावंच लागतं असं नाही. आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी त्याला समोर बसवून डॉक्टरांना जोडून देतात, बीपी आणि साखर तिथेच मोजतात.

ही साखळी तुटते ती औषधांपाशी. शहरातले स्पेशालिस्ट ग्लार्जिन (दीर्घ परिणामी इन्सुलिन) लिहितात, केंद्रात प्रीमिक्सच (दोन प्रकारचं मिसळलेलं इन्सुलिन) असतं, आणि रुग्ण रिकाम्या हाताने घरी जातो. त्यामुळे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी कॉल लागताच, रुग्णाची माहिती देण्याआधी, त्या दिवशीचा औषधसाठा वाचून दाखवावा.