क्लार्कांची संघटना निवडणूक घेत नाही

गेले काही दिवस आपल्या मराठी गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे: 'अमेरिकेत निवडणूक आयोगच नाही. निवडणुका चालवते ती गावोगावच्या क्लार्कांची खासगी संघटना. विधिमंडळांनी तिला मान्यता देऊन टाकली आहे, म्हणूनच तिथे मध्यरात्री आकडे फिरतात.' मला तो चार जणांनी पाठवला. त्यात माझा मामेभाऊही आहे, म्हणून नुसतं दुर्लक्ष करून भागणार नाही. विस्कॉन्सिन राज्य समोर ठेवून एकेक मुद्दा बघू, कारण निवडणुकीचं काम इतक्या खालच्या पातळीपर्यंत वाटलेलं दुसरं राज्य सापडणं कठीण.

'आयोगच नाही.' आपल्यासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा आयोग तिथे नाही, हे खरं. ज्याला फेडरल इलेक्शन कमिशन म्हणतात ते प्रचाराच्या पैशांवर नजर ठेवतं, मतदान घेत नाही. पण राज्याला आयोग आहे. विस्कॉन्सिनच्या आयोगात 6 सदस्य, दोन्ही पक्षांचे निम्मे निम्मे. त्यांतले दोघे पूर्वी क्लार्क म्हणून काम केलेले असावेत, असं कायदाच सांगतो.

'खासगी संघटना निवडणूक चालवते.' इथे मजकूर साफ चुकतो. मतदान घेतात ते शहर, गाव आणि टाउनचे (टाउन म्हणजे शहर-गावाबाहेरचा ग्रामीण भाग) सुमारे 1,850 क्लार्क आणि 72 काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, क्लार्क. आपल्याकडे क्लार्क म्हटलं की फायलींमागचा कारकून आठवतो. तिथला क्लार्क हा कायद्याने नेमलेला किंवा मतदारांनी निवडलेला अधिकारी असतो. लहान टाउनमध्ये तो बऱ्याचदा अर्धवेळ असतो. सभेचं इतिवृत्त त्यानेच लिहायचं, दारूच्या परवान्याचे कागद त्यानेच करायचे, आणि निवडणूक आली की मतदारयादी, मतपत्रिका, मतदान केंद्रावरची माणसं हेही त्याच्याच गळ्यात. शेजारच्या टाउनमध्येही तीच तऱ्हा. अशा एकट्या माणसाने नवा नियम विचारायचा कोणाला? त्यासाठी क्लार्कांची संघटना आहे. ती प्रशिक्षण भरवते, अनुभवी क्लार्क नवख्यांना शिकवतात, कायदा बदलायचा असेल तेव्हा ती त्यांचं म्हणणं मांडते. तिच्या हाती ना मतपेटी, ना मोजणी.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवडणुकीच्या आदल्या रात्री केंद्रावर मुक्काम, सोबत साहित्याचं गाठोडं, आणि मनात एकच धास्ती: फॉर्म भरताना चूक झाली तर? तिच्या शंका निस्तरल्या त्या आधी ड्यूटी केलेल्या शिक्षकांनी. म्हणूनच अशा मदतीला कुणी कारस्थान म्हटलं की मला राग येतो.

आता 'मान्यता'. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक म्हणजे गौरवाचा ठराव. राज्यांची विधिमंडळं असे ठराव सर्रास करतात. कुणाच्या कामाची दखल घेतली जाते, विषय संपतो. त्यातून ना अधिकार मिळतो ना निधी. दुसरी गोष्ट कायद्यातली आहे आणि ती जास्त महत्त्वाची. 2000 साली फ्लोरिडात अध्यक्षपदाचा निकाल 537 मतांवर लागला. भोकं पाडायच्या मतपत्रिकांनी देशभर गोंधळ उडवला. त्यानंतर 2002 मध्ये 'हेल्प अमेरिका व्होट' कायदा आला. त्याने एक सल्लागार मंडळ नेमलं आणि स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनांची नावं कायद्यातच घालून प्रत्येकीला दोन दोन जागा दिल्या. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा याचाच धागा ओढला असावा. पण हे मंडळ सल्ला देतं. एकाही काउंटीला हुकूम सोडायची ताकद त्याच्याकडे नाही.

आणि विस्कॉन्सिनने तर 2 एप्रिल 2024 ला सार्वमताने राज्यघटनाच बदलली: कायद्याने नेमलेल्या निवडणूक अधिकाऱ्याशिवाय कोणीही निवडणुकीचं काम करायचं नाही, आणि खासगी पैसाही घ्यायचा नाही. यामागे खरी तक्रार होती, ती मी नाकारत नाही. 2020 मध्ये एका बाहेरच्या संस्थेने राज्यातल्या पाच मोठ्या शहरांना मिळून 88 लाख डॉलर दिले होते, आणि त्यावर आक्षेप घेणं रास्तच होतं. पण ती संस्था वेगळी आणि क्लार्कांची संघटना वेगळी.

राहिले 'मध्यरात्री फिरणारे आकडे'. विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नाहीत. मिलवॉकी या राज्यातल्या सर्वात मोठ्या शहरात ही सगळी मतं एका केंद्रात मोजून एकदम जाहीर करतात. 2020 मध्ये ती दीड लाखाहून जास्त होती, म्हणून पहाटे आकडा एकदम उडी मारतो. आदल्या दिवसापासून काम सुरू करू द्या, ही क्लार्कांची जुनी मागणी. 2023 मध्ये तसं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकून मेलं. संघटनेच्या मुठीत विधिमंडळ असतं, तर एवढी साधी मागणी अडली असती का? 2020 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर पराभूत बाजूने स्वतः पैसे भरून मिलवॉकी आणि डेन काउंटीत फेरमोजणी करून घेतली. तीत विजेत्याची आघाडी 87 मतांनी वाढली.

पक्षाचा प्रश्नही उरतो, तो टाळत नाही. विस्कॉन्सिनमध्ये काउंटी क्लार्क पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. मलाही ही पद्धत पटत नाही. पण तिला उत्तर म्हणून मोजणीची दारं उघडी ठेवली आहेत: त्या निवडणुकीत उमेदवार नसलेला कोणीही माणूस मतदान केंद्रात आणि मोजणीच्या जागी निरीक्षक म्हणून उभा राहू शकतो. त्याला पक्षाचं पत्र लागत नाही. तिथे गेल्यावर नाव लिहायचं, सही करायची आणि ठरवून दिलेल्या जागेवरून बघायचं.