शिकल्यावर माणूस बदलतो म्हणे

लहानपणी १ नोव्हेंबरला आमच्या घरात भल्या पहाटे आंघोळी उरकायच्या. दंडाला काळी फीत बांधून बाबा सायकल फेरीला निघायचे, मी मागं कॅरिअरवर. १९५६ साली याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून आमचा काळा दिन. आणि त्याच दिवशी गावात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक. मला वाटायचं, कानडी बोलणारा प्रत्येक माणूस आमचं काहीतरी दाबून बसलाय. (भाजी मात्र त्यांच्याकडूनच घ्यायचो, घासाघीसही कानडीतच.)

एमएला धारवाड गाठलं. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, आमच्या वेळी सगळा कारभार कर्नाटक विद्यापीठाचा. हॉस्टेलवर रूम पार्टनर मिळाला बैलहोंगलचा. म्हटलं, झालं आता.

पहिल्या वर्षी १ नोव्हेंबरला मी दार लावून पडून राहिलो. तो मिरवणुकीला गेला. दिवेलागणीला परतला, गळ्यातलं लाल-पिवळं उपरणं दाराबाहेरच काढून पिशवीत कोंबलं, टेबलावर पेढ्याची पुडी ठेवली आणि विचारलं, "ऊटा आत?" जेवलास का. बाकी एक शब्द नाही. त्याच्या आईनं पाठवलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी दोन वर्षं आम्ही वाटून खाल्ली. सीमाप्रश्नावरचं माझं मत आजही तेच आहे. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेल्या दाव्याची बातमी दिसली की अजून आधी तीच वाचतो. पण माणसावरचा राग त्या खोलीत कधी विरघळला कळलं नाही. अर्थशास्त्राच्या एकाही पेपरात त्यातलं काही नव्हतं.

म्हणून 'उच्च शिक्षणानं माणूस उदार होतो' असं कुणी ठासून सांगितलं की मी विचारतो, कशानं? पुस्तकानं की शेजारच्या कॉटवरच्या माणसानं? अमेरिकेत १९३० च्या दशकात समाजमानसशास्त्रज्ञ थिओडोर न्यूकम यांनी बेनिंग्टन या मुलींच्या कॉलेजचा अभ्यास केला. खात्यापित्या, जुन्या वळणाच्या घरांतल्या पोरी वर्षागणिक अध्यक्ष रूझवेल्टच्या उदारमतवादी धोरणांकडे झुकत गेल्या. आसपासच्या ज्या मंडळींना मान होता, त्यांचं मत या पोरींनी उचललं. पंचवीस वर्षांनी पुन्हा गाठलं, तर बहुतेकींचा कल तसाच टिकलेला. आता आमच्याकडं बघा. मराठी पोरांचा कट्टा वेगळा, कानडी पोरांचा वेगळा, डबेसुद्धा वेगवेगळ्या बाकांवर उघडणार. अशा कॉलेजात पाच वर्षं काढलेला पोरगा पदवी घेऊन बाहेर पडतो तो घरून आणलेलंच मत घेऊन, फक्त आता ते जरा झोकात मांडता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जहरी मेसेज मला पदवीधरांचेच येतात. शुद्धलेखन चोख असतं, तेवढा फरक.

जातीचं तर विचारूच नका. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी २०११-१२ च्या देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे तपासले. आंतरजातीय लग्नं सहा टक्क्यांच्याही आत. नवरा-बायकोच्या शिकण्यानं फारसा फरक पडलेला दिसला नाही. दिसला तो नवऱ्याच्या आईच्या शिक्षणाचा! वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो. आमच्या पिढीच्या आया किती शिकल्या? आमची आई सातवी. लग्न जुळवायचं आईबापांनी, आणि पोराच्या पदवीचा उपयोग काय, तर हुंड्याचा आकडा चढवायला.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. इंजिनिअर, पुण्यात नोकरी, चांगला वाचणारा, फेसबुकवर समतेबद्दल माझ्यापेक्षा लांब पोस्टी लिहितो. म्हणाला, "दादा, बायोडाटा टाकलाय, बघ की जरा. इंग्लिश तपास." बघितला. जातीच्या खाली पोटजातीचा रकाना, त्याखाली 'अपेक्षा : आपल्यातलीच, उच्चशिक्षित'. पोटजातीचं स्पेलिंग चुकलं होतं.

मी ते दुरुस्त करून परत पाठवलं.