तो स्फोट बैरूतचा आहे, युद्धातला नाही

काल रात्री गटावर युद्धावरून वाद चालू असताना मी एक व्हिडिओ टाकला. बंदरावर क्षेपणास्त्र पडल्याचा तो पुरावा आहे, असंही लिहिलं. ते चुकीचं होतं.

तो व्हिडिओ लेबनॉनच्या राजधानीतला, बैरूतचा, ४ ऑगस्ट २०२० चा आहे. बंदरातल्या गोदामात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट कित्येक वर्षं पडून होतं. गोदामाला आग लागली आणि तो साठा उडाला. दोनशेहून जास्त माणसं गेली.

व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला. धुराशेजारी धान्याच्या उंच, पांढऱ्या कोठारांची रांग स्पष्ट दिसते. बैरूत बंदराची ती ओळखच आहे. वरून काही पडताना दिसत नाही. आधी धूर आणि ठिणग्या, मग स्फोट. स्फोटानंतर दिसणारा पांढरा घुमट म्हणजे धक्क्याच्या लाटेमुळे हवेतल्या बाष्पाचा क्षणभर झालेला ढग, आणि मागचा तांबूस रंग नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो घुमट पाहून अणुबॉम्ब वाटू शकतो, पण अणुबॉम्बचा त्याच्याशी संबंध नाही.

मे २०२५ मध्ये हाच स्फोट भारतावरचा हल्ला म्हणून फिरवला गेला, तेव्हा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने तो दावा खोडून काढला होता.

मी व्हिडिओ काढून टाकला आहे. वादातलं माझं मत कायम आहे, पण बैरूतमध्ये गेलेल्या माणसांचा असा वापर माझ्या हातून झाला, याचं वाईट वाटतं. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तिथे हा खुलासाही पोचवा.