‘वाय’ दाबण्याआधी वाचायला काय होतं?

आज चार दिवस झाले, माझं डोकं थंड होत नाहीये.

दादरला माझ्या मामाचा स्टुडिओ आहे, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. तिथे एका लिनक्स मशीनमध्ये 4 टीबीच्या 4 डिस्क आहेत, रेड-5 मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या चालतात अशी जोडणी. या जोडणीलाच ॲरे म्हणतात. 12 टीबी जागा मिळते आणि चारातली एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघी सगळं ओढून नेतात. हेच ओढून नेणं मुळावर आलं. पहिली डिस्क फेब्रुवारीत बाहेर पडली. कळलं जुलैमध्ये, दुसरीही बाहेर पडली तेव्हा.

पाच महिने! त्यात अख्खी लग्नसराई. आणि मशीन गप्प बसलं होतं असं कोणी म्हणू नका. ॲरे अर्धवट आहे म्हणून ते रोज पत्र लिहीत होतं, रोज एक, न चुकता. पत्र जात होतं त्याच मशीनवरच्या रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मेलबॉक्समध्ये, जो आजवर कोणी उघडलेला नाही. ज्या माणसाने हे सेटअप करून पैसे घेतले, त्याला कॉन्फिग फाइलमध्ये मामाचा ईमेल पत्ता टाकायचा होता. एक ओळ. मामाला तरी रोज सकाळी एमडीस्टॅट, म्हणजे ॲरेची स्थिती दाखवणारी फाइल, बघायला कोण शिकवणार होतं? चालू असलेल्या प्रत्येक डिस्कमागे एक यू दिसतो; चार यूच्या जागी तीन यू आणि एक रेघ दिसली की फोन कर, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. आता विचारलं तर म्हणतो, “पण चालत होतं ना!”

दुसरी डिस्क तर मेलीसुद्धा नव्हती. दुकानदाराने साध्या डेस्कटॉपच्या डिस्क दिल्या होत्या, “सगळ्या सारख्याच असतात” म्हणून. नसतात! अशा डिस्कला खराब सेक्टर (वाचता न येणारा बारीक तुकडा) लागला की ती तोच परत परत वाचत बसते, कधी कधी दोन-दोन मिनिटं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र मुळात 30 सेकंदच थांबतो. मग तो डिस्क रीसेट करतो, आणि शेवटी चांगली धडधाकट डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. रेडसाठीच्या डिस्क साधारण 7 सेकंदांत हात वर करतात आणि तो सेक्टर बाकीच्यांवरून भरून घेता येतो. साधी डिस्क असेल तर कर्नलची मुदत 180 सेकंद करून ठेवायची. हेही कोणी केलेलं नव्हतं.

तरीही, इथपर्यंत काहीच गेलं नव्हतं. नुकत्याच पडलेल्या डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे ॲरेतल्या बदलांचा आकडा, बाकी दोघींच्या जरासाच मागे होता. फेब्रुवारीतली बाजूला ठेवायची, उरलेल्या तिघींची नक्कल काढायची आणि नकलांवर फोर्स लावून ॲसेंबल करायचं, म्हणजे ॲरे जबरदस्तीने पुन्हा जोडायचा. मामाचं सगळं परत आलं असतं.

पण मी ऑफिसात, अंधेरीला. मामा घाबरला आणि त्याने कोणा ‘एक्सपर्ट’ला बोलावलं. त्या माणसाने कुठलीच डिस्क तपासली नाही, एक्झामिनचं (डिस्कवरच्या ॲरेच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट कुठे उतरवून घेतलं नाही, आणि थेट क्रिएट मारलं, म्हणजे नवाच ॲरे बनवायला सांगितलं. चारही डिस्कवर, फेब्रुवारीतलीसकट, केबल लागल्या होत्या त्या क्रमाने! एमडीॲडम, म्हणजे ॲरे सांभाळणारं सॉफ्टवेअर, विचारतं हो. स्पष्ट विचारतं, की या डिस्क आधीच एका रेड ॲरेमध्ये दिसतायत, पुढे जाऊ का? त्याने वाय, म्हणजे ‘हो’, दाबलं. न वाचता. दुसऱ्याच्या पोटापाण्याचं काम पुढ्यात असताना एक ओळ वाचायला किती वेळ लागतो?

मामाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, स्क्रीनवर काय दिसतंय ते वाच. तो वाचतो, “रिकव्हरी, 4 टक्के.” मी ऑफिसात सगळ्यांसमोर ओरडलो, “मामा, वायर खेच!”

त्या 4 टक्क्यांत काय झालं ते सांगतो. क्रिएट केल्यावर रेड-5 पहिल्या तीन डिस्कवरून शेवटची नव्याने लिहून काढतं. शेवटची होती चांगली डिस्क, आणि तिन्हीतली एक होती फेब्रुवारीतली शिळी. जिथे फेब्रुवारीनंतर काही बदललं नव्हतं तिथे गणित तेच येतं, म्हणून जुनी लग्नं वाचली. जिथे नंतर काही लिहिलं गेलं, तिथे कचरा.

संध्याकाळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून तीन नव्या डिस्क घेतल्या. भर पावसात पिशवी छातीशी धरून दादरला आलो. फेब्रुवारीतली सोडून बाकी तिन्हींची नक्कल डीडीरेस्क्यूने, खराब डिस्कवरून वाचेल तेवढं उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामने, काढली. चांगल्या डिस्कला सात-आठ तास लागले, खराब सेक्टरवालीला त्याहून कितीतरी जास्त. जुने सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या ॲरेच्या नोंदी, त्या माणसाने पुसलेले. नव्या एमडीॲडमचा डेटा ऑफसेटही (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा) वेगळा, म्हणून जुना ऑफसेट एक्स्ट-4 या फाइल सिस्टिमची खूण शोधत हुडकावा लागला. ॲरेतला डिस्कचा मूळ क्रम कोणाला आठवत नव्हता. तीन डिस्क आणि एक रिकामी जागा, म्हणजे 24 क्रम. प्रत्येक क्रम ओव्हरलेवर, म्हणजे बदल वेगळ्या फाइलीत जातील आणि नकलेवरही काही लिहिलं जाणार नाही असा, लावून बघितला. बारीक थंबनेल चुकीच्या क्रमातही उघडतात, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोठी व्हिडिओ फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली तरच क्रम बरोबर. दोन रात्री गेल्या.

बहुतेक सगळं परत आलं. एप्रिल-मेमधली दोन लग्नं आली नाहीत. एका लग्नाची हळद आहे, वरात आहे, मंगलाष्टकांपासून पुढे नुसत्या हिरव्या-जांभळ्या चौकटी. दुसऱ्या लग्नाच्या फाइलीच उघडत नाहीत. मेमरी कार्डं कधीच पुसून पुढच्या कामाला वापरलेली.

त्या माणसाने काल व्हिजिटचं बिल पाठवलंय. मामा सरळ माणूस, द्यायला निघाला होता. मी बिल काढून घेतलं. मामाने अजून त्या दोन घरी फोन केलेला नाही. सकाळपासून दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला.