खुलासा : मोफत वकिलाच्या कामावर लक्ष कुणाचं?

‘कोर्टाने दिलेला मोफत वकील नवशिका असतो, त्याला विचारणारं कुणी नसतं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) 2022च्या योजनेनुसार लोकअभिरक्षक कार्यालयाचा, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख, म्हणजे मुख्य लोकअभिरक्षक, किमान 10 वर्षं फौजदारी वकिली केलेला लागतो. प्रकरणं वाटणं, सहायक वकिलांच्या तयारीवर लक्ष ठेवणं ही जबाबदारी त्याची. सत्र खटले तो स्वतःही चालवतो. या कार्यालयातले वकील पूर्णवेळ असतात, खासगी वकिली करू शकत नाहीत.

वकील तारखेला आला नाही, भेटला नाही, तर गप्प बसू नका. मुख्य लोकअभिरक्षकाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना केस नंबर आणि तारीख टाकून लेखी कळवा. कोठडीतल्या आरोपीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन : 15100.